डीए पॉलिशर: होळीपासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

आधी सगळ्यांना धास्ती असते त्याबद्दल. साध्या डीए (ड्युअल अॅक्शन) मशीनने, म्हणजे गाडी पॉलिश करायच्या मशीनने, गाडीचा रंग जाळणं तसं अवघड आहे. पॅड गोल फिरतो आणि सोबत डोलतोही, शिवाय जोर जास्त पडला की फिरणंच थांबतं. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ गोल फिरताना दिसतेय तोवर काम होतंय. जागच्या जागी थरथरायला लागली की तुम्ही नुसतेच दाबताय. रोटरी, म्हणजे नुसती गोल फिरणारी मशीन, असं थांबत नाही, एकाच जागी चावत राहते. शेजाऱ्यांची काळी गाडी एका दुकानात रोटरीने करून आणलेली आहे. सावलीत आरसा, आणि रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली बॉनेटभर होलोग्राम, म्हणजे पॉलिशिंगचे चमकणारे बारीक ओरखडे.

तरी डीए म्हणजे निर्धास्त, असं नाही. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरतात, त्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, 40-50 च्या आसपास. डोक्यावरचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. कंपाउंडने, म्हणजे खरखरीत पॉलिशने, घासलं की क्लिअर कोटच थोडा जातो, आणि गेलेला परत येत नाही. म्हणून मी कंपाउंड एकदाच मारलं. त्यानंतर फक्त मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश, तेही गरज वाटली तरच.

खरी भीती कडांची. बॉनेटवरची उठलेली घडी, दरवाजाची कड, चाकावरची कमान. तिथे रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा भार त्या बारीक रेषेवर येतो. मास्किंग टेप लावायला दहा मिनिटं जातात, जाऊ द्यावीत. बंपर प्लास्टिकचा, उष्णता पसरत नाही, पटकन तापतो. वर रंगाची जाडी मोजणारा साधा गेज प्लास्टिकवर चालतही नाही. पत्र्यावर 200 मायक्रॉनच्या वर आकडा आला तर पॅनेल बहुतेक पुन्हा रंगवलेलं आहे. पण गेज एकूण जाडी सांगतो, क्लिअर किती उरलाय ते नाही. पॅडवर गाडीचाच रंग उतरू लागला तर तिथेच थांबा.

मशीनबद्दल तक्रार एकच: हाताला मुंग्या येतात. फोम पॅडही मध्यभागी तापून वेल्क्रोपासून सुटायला लागलेत, एक-दोन जास्तीचे घेऊनच ठेवा.

स्वर्ल, म्हणजे रंगावरचे बारीक गोल ओरखडे, नव्वद टक्के गेले म्हणायला हरकत नाही. टपावर बोअरच्या पाण्याचे दोन-तीन डाग खोल होते, ते तसेच ठेवलेत.