व्हर्टआयओ-नेटमधील रांगवाटप: स्वयंचलित पद्धत की हॅशवर आधारित पद्धत?

केव्हीएमवरील (लिनक्समधील आभासीकरणाच्या सोयीवरील) आभासी यंत्राला आठ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) दिले, तरी व्हर्टआयओ-नेटची, म्हणजे त्याच्या आभासी नेटवर्क कार्डाची, एकच रांग चालू असेल तर आवक पॅकेटांचा सारा भार एकाच व्हीसीपीयूवर पडतो. लिनक्स ३.८ पासून, म्हणजे २०१३ पासून, या ड्रायव्हरमध्ये अनेक रांगांची सोय आहे; मात्र कोणते पॅकेट कोणत्या रांगेत टाकायचे याचे धोरण यंत्राचे काम पाहूनच ठरवावे.

स्वयंचलित पद्धतीत यंत्र ज्या रांगेतून एखाद्या प्रवाहाचे (एकाच जोडणीतील पॅकेटांच्या मालिकेचे) पॅकेट पाठवते, तिच्याच जोडीच्या आवक रांगेत त्या प्रवाहाची पुढील पॅकेटे येतात. पाठवणीची रांग बहुधा व्हीसीपीयूनुसार निवडली जात असल्याने उत्तर जिथे प्रोग्राम चालू आहे तिथेच पोहोचते आणि कॅशेचा (प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतीचा) लाभ टिकतो. डेटाबेससारख्या, मोजक्या पण दीर्घकाळ टिकणाऱ्या टीसीपी जोडण्यांच्या कामाला मी निःसंकोचपणे हीच पद्धत सुचवेन, कारण तिला वेगळी मांडणीही लागत नाही. तिची मर्यादा स्मरणाची आहे: लिनक्सच्या टॅप उपकरणात (आभासी यंत्राला यजमानाशी, म्हणजे ते चालवणाऱ्या मूळ संगणकाशी, जोडणाऱ्या आभासी नेटवर्क उपकरणात) ४०९६ प्रवाहांच्याच नोंदी मावतात आणि सुमारे ३ सेकंद न वापरलेली नोंद काढली जाते. लॉग गोळा करणाऱ्या यंत्राकडे यूडीपी पॅकेटे एकाच दिशेने येतात. तिथे उत्तरच जात नसल्यामुळे उपकरणाला शिकण्याजोगे काही उरत नाही आणि निवड शेवटी हॅशवरच (पॅकेटातील पत्ते वगैरेंवरून काढलेल्या संख्येवरच) होते.

हॅशवर आधारित पद्धतीत, म्हणजे रिसीव्ह साइड स्केलिंगमध्ये, रांग टोप्लिट्झ हॅश (एका गुप्त किल्लीने काढलेला हॅश) आणि यंत्राने दिलेला वाटपतक्ता (कोणत्या हॅशला कोणती रांग याची यादी) यांवरून ठरते. व्हर्टआयओ-नेट ड्रायव्हरमध्ये ही सोय लिनक्स ५.१८ पासून (२०२२) आहे. जोडण्या हजारोंनी येत-जात असतील, किंवा यंत्र राउटर अथवा फायरवॉल असेल, तर हा मार्ग अधिक भरवशाचा ठरतो, कारण निकाल आधी सांगता येतो आणि इथटूलने (नेटवर्क कार्डाची मांडणी पाहण्या-बदलण्याच्या आज्ञेने) तक्ता बदलून एखाद्या रांगेचा वाटा कमीही करता येतो. फायरवॉलसाठी मात्र सममित किल्ली, म्हणजे दोन्ही दिशांना एकच हॅश देणारी किल्ली, निवडावी. नेहमीच्या किल्लीने एकाच जोडणीच्या दोन दिशा वेगवेगळ्या रांगांत जाऊ शकतात. शिवाय यजमानाची साथ लागते: व्हीहोस्ट (पॅकेटांची ने-आण यजमानाच्या कर्नलमध्येच करणारी सोय) वापरताना क्यूईएमयू, म्हणजे आभासी यंत्र चालवणारा प्रोग्राम, हे काम ईबीपीएफ प्रोग्रामकडे (कर्नलमध्ये लोड होणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे) सोपवते, आणि तो लोड करण्याची परवानगी नसेल तर ही सोय मिळत नाही.

यजमानावर आपला ताबाच नसेल, तर यंत्राच्या आतून रिसीव्ह पॅकेट स्टीअरिंग (आलेली पॅकेटे सॉफ्टवेअरने इतर व्हीसीपीयूंकडे वाटण्याची सोय) वापरता येते. ते लिनक्समध्ये २०१० पासून आहे. तरीही मूळ इंटरप्ट (पॅकेट आल्याची सूचना) एकाच व्हीसीपीयूवर येतो आणि इतरांना जागे करण्याचा खर्च आभासी यंत्रात जाणवतो, म्हणून रांगा वाढवणे शक्य असताना मी त्याकडे वळणार नाही.

धोरण बदलण्यापूर्वी इथटूलमधील रांगनिहाय आकडे पाहावेत. एकच रांग भरत असेल, तर ती एका मोठ्या प्रवाहामुळे किंवा एका आयपीसेक बोगद्यामुळे (अनेक जोडण्या एकत्र गुंडाळणाऱ्या सांकेतिक मार्गामुळे) भरते आहे का हे आधी तपासावे, कारण तसे असल्यास हॅशवर आधारित पद्धतही तो प्रवाह तोडून दोन रांगांत वाटत नाही.