रोजची लेन्स की महिन्याची?
पहिल्यांदाच कॉन्टॅक्ट लेन्स लावणार असाल तर मी रोजचीच सुचवेन. रात्री काढली की टाकून द्यायची. डबी नाही, सोल्यूशन नाही. महिन्याची रोज वापरणाऱ्याला स्वस्त पडते खरी, पण ती दररोज सोल्यूशनने चोळून धुवायची, डबीत दरवेळी ताजं सोल्यूशन भरायचं, डबीही ३ महिन्यांत बदलायची. शिवाय महिना पाकीट उघडल्यापासून मोजतात, त्यामुळे फक्त लग्नसमारंभाला लावणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊच नये.

पाणी मात्र दोन्हींना वर्ज्य. नळाच्या, नदीच्या पाण्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव बुबुळाला संसर्ग करून दृष्टी घालवू शकतो. म्हणून सांगलीच्या घाटावर कृष्णेत उतरण्याआधी लेन्स काढाच. हळदीच्या पेठेतून आलात तर आधी साबणाने हात धुवा, कोरडे करा. डोळा लाल होऊन दुखला तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.