ख्रिस्ती श्रद्धा आणि इस्लाम: आधी वधस्तंभ, मग बाकीचं

नागपुरात सदरमधले ख्रिस्ती आणि मोमिनपुऱ्यातले मुसलमान, दोघेही एकच देव, संदेष्टे, देवदूत आणि शेवटचा न्याय मानतात. त्यामुळे यांपैकी एक वाट निवडू पाहणारा माणूस बहुतेक वेळा उपास, प्रार्थना, दानधर्म यांचीच तुलना करत बसतो. आम्ही ख्रिस्ती म्हणून लिहितोय आणि सुरुवात वधस्तंभापासून करतो.

कुराणाच्या चौथ्या सूरेतली (अध्यायातली) 157वी आयत म्हणते की ईसांना, म्हणजे येशूला, ठार मारलं गेलं नाही, सुळावरही चढवलं गेलं नाही. लोकांना तसं भासलं. अल्लाहने त्यांना जिवंतच वर उचललं, असं बहुतेक मुस्लिम भाष्यकार मानतात. उलट बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत येशू रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने वधस्तंभावर मरतो. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वासच व्यर्थ, असं प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो (पहिलं पत्र, 15:14). ते पत्र इ.स. 55च्या सुमाराचं, कुराण सातव्या शतकातलं. रोमन इतिहासकार टॅसिटसही या मृत्युदंडाची नोंद करतो. आम्हाला हा पुरावा निर्णायक वाटतो. मुस्लिम म्हणेल, अल्लाहच्या वचनापुढे माणसांच्या नोंदींची काय मातब्बरी? त्याच्या श्रद्धेत ते उत्तर चोख बसतं. पण दोन्ही खरं, असं म्हणायला इथे जागा नाही.

हा फरक पापाच्या कल्पनेतून येतो. कुराणात आदम चुकतो, तोबा करतो, त्याला माफी मिळते (2:37). आणि कुणी दुसऱ्याचा भार उचलत नाही (6:164). मग कुणी आपल्यासाठी मरायची गरजच काय? ख्रिस्ती शिकवण म्हणते, पाप सुट्या चुकांपुरतं नाही, माणूस मुळातच बिघडलाय. म्हणून तारण बाहेरून, कृपेनेच यावं लागतं. इथे आपली माणसं एक अन्याय करतात: ‘इस्लाममध्ये फक्त कर्मांचा तराजू’ असं सांगतात. नववी सोडून कुराणाची प्रत्येक सूरा रहमान आणि रहीम (अत्यंत दयाळू आणि कृपाळू) अल्लाहच्या नावाने सुरू होते. दया तिथेही आहे. ती वधस्तंभातून येत नाही, इतकंच.

त्रैक्य, म्हणजे एकच देव तीन व्यक्तींत, समजायला जड आहे, हे मान्य करायला हवं. तौहीद, म्हणजे अल्लाह एकच ही इस्लामची शिकवण, ऐकताक्षणी कळते. पण काहींचा गैरसमज असतो तसं नाही: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यात येशूची आई मरिया कधीच नव्हती, आणि ‘पुत्र’ म्हणजे शरीरसंबंधातून जन्मलेला नव्हे. दुसऱ्या बाजूला, ‘मुसलमान येशूला मानत नाहीत’ हेही चूक. ते त्यांना मसीह मानतात, कुमारिकेपोटी जन्मलेले मानतात. 19वी सूरा तर मरियमच्याच नावाची. देव मात्र मानत नाहीत.

आचाराचं थोडक्यात. पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीइतकी मालमत्ता वर्षभर राहिली तर अडीच टक्के जकात: इस्लाममध्ये सगळं मोजून दिलंय. आपल्याकडे 40 दिवसांचा उपासकाळ, काही मंडळ्यांत दशांश (कमाईचा दहावा भाग), बाकी बरंचसं ज्याच्या त्याच्यावर. त्यातून ढिलाईही येते. नागपुरातल्या ताजाबाद दर्ग्याचा उरूस पाहून इस्लाम ठरवू नका. दर्ग्यावरून मुसलमानांतच मतभेद आहेत, जसे मरियेच्या भक्तीवरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांत.

कलमा, म्हणजे श्रद्धेची कबुली, मनापासून म्हटला की माणूस मुसलमान होतो. बाप्तिस्म्याआधी मंडळी शिकवण देते. कॅथलिकांत प्रौढांची ही तयारी बरेच महिने चालते आणि बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो.

लग्नासाठी धर्म बदलायची घाई करू नये. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे 30 दिवसांची नोटीस देऊन धर्म न बदलता लग्न होतं. 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं. चर्चचे स्वतःचे नियम वेगळे.

वाचायचं तर मार्कच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय आणि कुराणाची तिसरी, चौथी, 19वी सूरा. मार्कबद्दलचे प्रश्न पाळकांना विचारा. कुराणाचे मात्र मोमिनपुऱ्यातल्या एखाद्या इमामांनाच, आम्हाला नव्हे.