सहा महिने, बारा सेशन: नेतृत्वासाठी घेतलेल्या कोचिंगबद्दल

एका वर्षात माझ्या विभागातले दोन चांगले ॲनालिस्ट सोडून गेले. दुसरी जाताना एचआरला म्हणाली, "मॅडम वाईट नाहीत, पण माझं काम मी केलंय असं तिथे कधी वाटतच नाही." हे वाक्य माझ्यापर्यंत आलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही. मी औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेची प्रमुख आहे, टीममध्ये सतरा जण. काम मला येतं, माणसांचं मात्र काहीतरी चुकत होतं, आणि काय ते माझं मला दिसत नव्हतं. म्हणून कंपनीने सुचवलेला ऑनलाइन कोचिंगचा सहा महिन्यांचा कार्यक्रम घेतला. दर पंधरा दिवसांनी एक तास, एकूण बारा सेशन. ज्यांच्या मनात असं काही घ्यायचं आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

पहिला कोच माझा मीच निवडला, तीन प्रोफाइल वाचून. मोठ्या पदांवर काम केलेले गृहस्थ होते. दोन्ही सेशनमध्ये त्यांनी त्यांचे अनुभव सांगितले, मी काय करावं तेही सांगितलं. सल्ला वाईट नव्हता, पण तो त्यांच्या कारखान्याला, त्यांच्या माणसांना लागू पडणारा होता. मेंटॉर आणि कोच यांतला फरक मला तेव्हा नीट उमगला. मेंटॉर तुमच्या वाटेवरून आधी गेलेला असतो, तो स्वतःचं ज्ञान देतो, ओळखी करून देतो, पाठीशी उभा राहतो. या नात्याचा अभ्यास करणाऱ्या कॅथी क्रॅम यांनी 1985 मध्ये त्याच्या दोन बाजू मांडल्या होत्या: करिअर पुढे नेणारी आणि मनाला आधार देणारी. कोचला तुमचं क्षेत्र माहीत असलंच पाहिजे असं नाही. त्याचं काम तुम्हाला विचार करायला लावण्याचं. मला त्या वेळी कोचची गरज होती आणि मी मेंटॉरसारखा माणूस निवडला होता. सेवेचं कौतुक इथे करायलाच हवं: कोच बदलून हवा म्हटल्यावर एकही उलट प्रश्न न विचारता आठवड्याभरात नवीन नाव आलं, आणि वाया गेलेली दोन सेशनही परत मिळाली.

दुसऱ्या वेळी प्रोफाइल वाचताना मी प्रमाणपत्र पाहिलं. कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही, त्यामुळे एवढी तपासणी आपणच करायची असते. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही 1995 मध्ये सुरू झालेली संस्था तीन पातळ्यांची प्रमाणपत्रं देते. सुरुवातीच्या एसीसीसाठी प्रत्यक्ष कोचिंगचे किमान 100 तास, मधल्या पीसीसीसाठी 500, सर्वांत वरच्या एमसीसीसाठी 2500. शिवाय प्रशिक्षण वेगळं. तास भरले म्हणजे माणूस चांगला कोच झाला असं मी म्हणणार नाही, पण 500 तास समोरच्याचं ऐकलेल्या माणसाला मध्येच न बोलण्याची सवय तरी लागलेली असते. माझ्या नव्या कोच पीसीसी होत्या. प्रयोगशाळेबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि तसं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

त्यांची पद्धत 'ग्रो' या आराखड्यावर चालायची. ध्येय काय, आज वस्तुस्थिती काय, पर्याय कोणते, आणि यांतलं तुम्ही नक्की काय करणार. कागदावर हे फार सोपं दिसतं. माझी गाडी वस्तुस्थितीवरच तीन सेशन अडली.

"मागच्या आठवड्यात तुम्ही किती रिपोर्ट पुन्हा तपासलेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जवळजवळ सगळेच. आमच्याकडे ॲनालिस्ट चाचणी करतो, रिव्ह्यूअर कच्चा डेटा तपासतो, मग मी मंजुरीची सही करते. मी मात्र सहीआधी सगळे क्रोमॅटोग्राम (चाचणीच्या यंत्रातून येणारे आलेख) आणि आकडेमोड पहिल्यापासून बघायचे. "त्यांतल्या कितींत चूक सापडली?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दिवसभर आकड्यांत राहणाऱ्या बाईकडे स्वतःच्या कामाचा आकडा नसावा, हे मला फार लागलं.

दोन आठवडे वहीत नोंद ठेवली. 64 रिपोर्ट तपासले. तिनांत चूक निघाली. दोन लिखाणातल्या होत्या. तिसरी खरी होती: डायल्युशनचा, म्हणजे नमुना किती पातळ केला त्याचा, गुणक चुकीचा धरला होता. मी ती वही घेऊन पुढच्या सेशनला बसले आणि सांगितलं की बघा, मी तपासलं नसतं तर ही चूक निसटली असती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ही रिव्ह्यूअरच्या नजरेतून कशी सुटली, हे तुम्ही त्याला विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. रिपोर्ट परत पाठवला होता, शेरा एवढाच: 'दुरुस्त करा.'

दुसऱ्या दिवशी विचारलं. तो मुलगा आमच्याकडे सहा वर्षं आहे, हुशार आहे. थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मॅडम, आकडेमोड तुम्ही बघताच ना. म्हणून मी त्यावरून नुसती नजर फिरवतो."

माझ्या तपासणीमुळेच त्याची तपासणी सैल पडली होती. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. स्वतःच्या वहीतून आणि त्याच्या तोंडून आल्यावर वादाला जागा राहिली नाही. अख्ख्या कार्यक्रमाचं मोल माझ्यासाठी या एका प्रश्नात आहे.

त्यानंतर नेतृत्वाचे कोच मार्शल गोल्डस्मिथ यांचा फीडफॉरवर्डचा प्रकार करून पाहिला. आपली एक सवय सांगायची, पुढच्यासाठी दोन सूचना मागायच्या, मागचं उकरायचं नाही, आणि ऐकून फक्त 'थँक यू' म्हणायचं. पाच जणांना विचारलं. सगळ्यांत कठीण होतं ते 'पण त्याचं कारण असं की...' हे वाक्य गिळणं. तिघांनी एकच सूचना केली: चूक सापडली तर फोनवर सांगू नका, समोर बसवून दाखवा.

आता जे खटकलं ते. कार्यक्रमात 360 अंशांचा, म्हणजे वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालची माणसं अशा सगळ्यांकडून घेतलेला, फीडबॅक होता. रिपोर्ट आला 26 पानांचा. नुसते आलेख आणि 3.8, 4.1 असे गुण. मी नेमकं काय केलं की कुणाला त्रास झाला, याचा पत्ता नाही. 'अमुक प्रसंगी तुम्ही असं वागलात, त्याचा माझ्यावर असा परिणाम झाला' अशा तीन ओळी त्या सगळ्या पानांपेक्षा कामाच्या ठरल्या असत्या. त्याहून गंभीर म्हणजे नावं गुप्त राहतील असं सांगून चारच जणांच्या गटाच्या लेखी प्रतिक्रिया जशाच्या तशा छापल्या होत्या. रोज ज्यांचं लिखाण वाचते त्यांची भाषा मला ओळखू येणारच. ज्यांनी विश्वासाने लिहिलं त्यांच्यावर हा अन्याय आहे, आणि तो सेवेने ताबडतोब थांबवावा.

दुसरी गोष्ट, तिसऱ्या महिन्यात एचआरकडे 'प्रगती अहवाल' गेला. सेशनमध्ये काय बोललो ते त्यात नव्हतं, पण मी माझ्या शब्दांत लिहिलेलं ध्येय होतं, त्या सोडून गेलेल्या मुलीच्या उल्लेखासकट. पैसे कंपनी देते तेव्हा कोणती माहिती कुणाला जाणार हे सुरुवातीलाच कंपनी, कोच आणि आपण अशा तिघांत स्पष्ट ठरायला हवं. फेडरेशनच्या आचारसंहितेचीही तीच अपेक्षा आहे. माझ्या कोचनाही हा अहवाल जातो हे माहीत नव्हतं. सही करण्याआधी तुम्ही हा प्रश्न लेखी विचारा.

सेशनची मुदतही अडचणीची वाटली. आठव्या सेशनपर्यंत मला करायचं ते सापडलं होतं, शेवटची दोन ओढूनताणून झाली. ती तीन महिन्यांनी वापरता आली असती तर फार उपयोग झाला असता, पण सहा महिने संपले की उरलेली बाद होतात. ॲपमधल्या प्रश्नमंजूषा मी दोनदा उघडल्या आणि सोडून दिल्या.

मेंटॉर मी वेगळा शोधला. पूर्वी ज्यांच्याबरोबर काम केलं होतं अशा एका निवृत्त विभागप्रमुखांना गाठलं. 'माझे मेंटॉर व्हाल का' असं विचारलं नाही, त्याने समोरच्यावर उगाच ओझं पडतं. एकच नेमका प्रश्न घेऊन गेले: सहीआधीची पूर्ण तपासणी सोडायची तर कुठल्या रिपोर्टांची आधी सोडू? ते म्हणाले, नेहमीच्या चाचण्यांपासून सुरुवात कर, मर्यादेबाहेरचा निकाल मात्र कायम स्वतः बघ. हे उत्तर कोच देऊ शकल्या नसत्या. आणि कोचच्या सहा सेशनशिवाय हा प्रश्न मला सुचलाही नसता.

पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड गुण गोपनीयतेचा आहे, कोचचा नाही. तुमच्याकडे वरिष्ठांशी भांडण किंवा पगाराचा प्रश्न असेल तर हे घेऊ नका, ती वेगळी कामं आहेत. दोन सेशनच्या मध्ये काही करून बघायची तयारी असेल तरच घ्या.

सध्या मी नेहमीच्या रिपोर्टांपैकी दहातला एक पूर्ण तपासते, बाकीच्यांवर रिव्ह्यूअरच्या भरवशावर सही करते. गेल्या महिन्यात त्याच मुलाने मला न विचारता एक रिपोर्ट थांबवला. त्याचा शेरा पाऊण पान होता: काय चुकलं, कुठे, ॲनालिस्टला काय विचारलं, तो काय म्हणाला. मी तो दोनदा वाचला आणि त्याच्या टेबलाशी जाऊन खुर्ची ओढून बसले.