ब्राऊन ब्रेडचा तपकिरी रंग कुठून येतो?

घरात कुणाला शुगर निघाली की पहिला बदल पावात होतो. पांढरा बंद, ब्राऊन सुरू. पाकिटावर गव्हाची लोंबी, 'मल्टीग्रेन'चा शिक्का आणि किंमत थोडी चढी. अशा बऱ्याच पाकिटांत निम्म्याहून जास्त मैदाच असतो. राग येतो तो याचा, की सगळं मागच्या बाजूला छापलेलं असतं, पण अक्षर इतकं बारीक की म्हाताऱ्या माणसाला वाचताच येऊ नये.

पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिलंच नाव 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असेल तर तो मैदा. नुसतं 'व्हीट फ्लोअर' लिहिलं असेल तरी ती कणीक समजू नका, कारण मैदाही गव्हाचाच. 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' हेच शब्द हवेत, आणि शेजारची टक्केवारीही बघा. नाचणी, ज्वारी, ओट्स यांच्यापुढे अनेकदा एक-दोन टक्के दिसतात. ४०० ग्रॅमच्या पावात २ टक्के नाचणी म्हणजे ८ ग्रॅम, अख्ख्या पावाला दोन-तीन चहाचे चमचे पीठ!

रंगाचं उत्तर यादीच्या शेवटी सापडतं. १५०ए, १५०सी, १५०डी हे आकडे कॅरामल, म्हणजे साखर तापवून केलेल्या, रंगाचे. कोंड्याचा स्वतःचा रंग मळकट असतो, त्यात बारीक ठिपके दिसतात. एकसारखा चॉकलेटी पाव दिसला की हे आकडे शोधा. हातानेही अंदाज येतो. ग्लूटेन म्हणजे कणीक ताणून धरणारं गव्हातलं प्रथिन. कोंडा त्याचे धागे तोडतो, म्हणून खरा कणकेचा पाव कमी फुगतो, जड लागतो. म्हणूनच यादीत वेगळं 'व्हीट ग्लूटेन' दिसलं तर घाबरायचं कारण नाही, पाव फुगावा म्हणूनच ते घालतात. तंतूंचा, म्हणजे फायबरचा, आकडा दिला असेल तर तोही पाहा: १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम, मैद्यात ३ पेक्षा कमी. पावात पाणी असल्याने चांगल्या कणकेच्या पावात ६-७ ग्रॅम भरतात.

आमचं मत विचाराल तर रोजच्या खाण्याला पावापेक्षा पोळी-भाकरी बरी. अख्खा गहू आणा, निवडा, गिरणीत दळा. आधी दुसऱ्याचं धान्य दळलेलं असेल तर त्याचं पीठ जात्यात राहतं, म्हणून गव्हावर गहू दळायला सांगा. मिश्र पीठ हवं असेल तर ५ किलो गव्हात अर्धा किलो ज्वारी आणि अर्धा किलो हरभरे घाला. इतर धान्य पाव हिश्शाच्या पुढे गेलं की पोळी लाटताना तुटते. घरी बारीक चाळणीने कोंडा काढून टाकलात तर सगळी मेहनत वाया गेली. अंकुरातल्या तेलामुळे पीठ खवट होतं, तेव्हा दोन आठवड्यांपुरतंच दळा. बाजरीचं तर आठवड्याच्या आतच संपवा, ते फार लवकर कडू होतं.