कोलारच्या खाणीत उतरवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

४०,९९५ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण "किती गेले रे?" विचारताना लोकांच्या तोंडावर जे हसू येतं ते मला आता सहन होत नाही. बंगळुरूला जाण्यायेण्याचं तिकीट आणि टॅक्सीचे ५,८०० यात धरलेले नाहीत.

प्रकार काय असतो ते तुम्हाला माहीत आहेच. रील, डीएम, 'फक्त ५ सीट', ॲडव्हान्स. आम्हालाही माहीत होतं. आम्ही पाचजण काही काल घराबाहेर पडलेली पोरं नाही, सह्याद्रीत रात्रीबेरात्री फिरलेली माणसं आहोत. पण खाणीत उतरवतो म्हणणारा हा माणूस तयारीचा होता. कोलार गोल्ड फील्ड्सचा, म्हणजे कर्नाटकातल्या त्या सोन्याच्या खाणींचा, इतिहास त्याला तोंडपाठ. खाणीसाठी शिवनसमुद्रहून १९०२ साली वीज आणली, चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, २८ फेब्रुवारी २००१ ला सगळं बंद पडलं. एकही गोष्ट खोटी नाही, तपासून बघा. व्हिडिओ कॉलवर त्याने मागचं हेडगियर, म्हणजे खाणीच्या तोंडावरचा मनोरा, दाखवलं, सोनं काढून उरलेल्या मातीच्या 'सायनाइडच्या टेकड्या' दाखवल्या. ज्याला एवढं माहीत आहे तो लुच्चा असेल असं कुणाच्या मनात येईल?

माणशी ४,५००, म्हणजे २२,५००. मग 'सेफ्टी किट'चं डिपॉझिट माणशी २,०००, परत मिळणार म्हणे. मग विमा ४९९ प्रत्येकी, म्हणजे २,४९५. विम्याची पावती मागितली तर म्हणाला, "ग्रुप पॉलिसी है सर, स्पॉट पे मिलेगी." पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. ते वहिनींचं खातं होतं म्हणे. या वहिनी सगळ्या लबाडांना असतात. नाव जुळत नसेल तर तिथेच बोट थांबवा.

पण ज्या क्षणी कळायला हवं होतं तो दुसराच. आठवला की अजून रात्री झोप उडते.

आमच्यातला एकजण भौतिकशास्त्र शिकवतो. कोलारला जायची मूळ खाज त्याचीच, कारण टीआयएफआरच्या, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, लोकांनी तिथे जमिनीखाली प्रयोग केले होते आणि वातावरणातले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण पहिल्यांदा सापडले ते १९६५ साली, याच खाणीत. त्याने ग्रुपवर विचारलं, ती प्रयोगशाळा बघता येईल का? उत्तर व्हॉइस नोटमध्ये आलं: "हां सर, लॅब तीनसौ फीट लेवल पे है, लिफ्ट से पाँच मिनट."

तीनशे फूट! वैश्विक किरणांचा गोंधळ डोक्यावरच्या दगडात अडावा म्हणून तर ते लोक सव्वादोन किलोमीटरहून खाली गेले होते. हे तो दरवर्षी फळ्यावर शिकवतो. आणि लिफ्ट? खाण बंद, पंप बंद, २००१ पासून शाफ्टमध्ये, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या विहिरीत, पाणी चढलेलं. लिफ्टचा पिंजरा ओढणार कोण, आणि नेणार कुठे? या माहितीतलं अर्धं तर त्या भामट्यानेच आम्हाला सांगितलं होतं. आमच्या गुरुजींनी त्या व्हॉइस नोटला 'थम्स अप'चा अंगठा टाकला आणि वर दोन फटाके. त्याला बोल लावत नाही, ग्रुपवर बाकी चौघेही होतो. पण ज्याला डावं-उजवं कळत होतं त्याने तरी ऐकायला नको?

परवानगीचं पत्र आलं तेही बघून घ्या, असं पत्र तुम्हालाही येईल. वर सिंहमुद्रा, खाली गोल शिक्का, आणि सही पर्यटन खात्याची. खाणीच्या आत माणूस उतरवायचा तर प्रश्न खाण सुरक्षा महासंचालनालयाचा, ज्याचं मुख्यालय धनबादला आहे. पर्यटन खातं काय परवानगी देणार, हेडगियरचा फोटो काढायची? पण गिफर्ड शाफ्ट हे नाव पत्रात बरोबर होतं, म्हणून आम्ही गप्प.

शेवटचे ६,००० त्याने टॅक्सी बंगारपेटच्या पुढे गेल्यावर मागितले. 'गेट क्लिअरन्स.' एवढ्या लांब आलेला माणूस परत फिरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पैसे गेले, पाच मिनिटांत फोन बंद. गेटवरच्या म्हाताऱ्या सुरक्षारक्षकाने पत्र उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाला, "अंदर पानी है सर. कौन जाएगा?" अख्ख्या प्रकरणात खरं बोललेला माणूस तोच.

आता पोलीस. तिथल्या ठाण्यात सांगितलं, पैसे पुण्यातून गेले, पुण्यात तक्रार करा. पुण्यात चौकीवर सांगितलं, गुन्हा कर्नाटकात घडला, तिकडे जा. झिरो एफआयआर म्हणालो तर समोरचा असा बघायला लागला की जणू मी शिवी दिली. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये चक्क लिहिलंय. कलम दाखवलं. मग विचारतो, "बंद खाणीत जाणं बेकायदा नाही का? तुमच्यावरच केस होईल." म्हणजे फसवणारा मोकळा आणि आरोपी आम्ही! अर्ज मराठीत दिला तर इंग्रजीत आणा, इंग्रजीत नेला तर स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का हवा, शिक्का आणला तर साहेब बंदोबस्ताला. बँकेतल्या बाईंनी वर न बघताच सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय ना, मग बँक काय करणार? ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवा एवढीच आमची विनंती होती. त्यासाठी पोलिसांचं पत्र लागतं. आणि पोलिसांना पत्र द्यायला गुन्हा नोंद लागतो. आणि गुन्हा नोंदवायला साहेब लागतात.

म्हणून सांगतो, पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासाला, १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. चौकीत चहा पिऊन झाल्यावर लावून उपयोग नाही, तोवर पैसे चार खाती फिरलेले असतात. चॅट डिलीट करू नका, त्याने 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायच्या आत स्क्रीनशॉट घ्या. आमच्या त्या व्हॉइस नोटचं तसंच झालं.

खाण आतून बघायचीच हौस असेल तर नागपूरजवळ सावनेरला वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने) एमटीडीसीबरोबर २०१६ मध्ये खाण पर्यटन सुरू केलं होतं, तिथे अधिकृत चौकशी करा. बंद पडलेल्या खाणीत कुणी खरंच उतरवायला तयार झाला तर तो आमच्या माणसापेक्षा वाईट. आत हवा खेळती नसते, ऑक्सिजन संपलेला कळतही नाही, लाकडी टेकू कुजलेले असतात. आमचे नुसते पैसे गेले.

त्या अकाउंटचं नाव आता बदललंय. रील तेच, हेडगियर तेच, सीट अजूनही पाचच. विमा तेवढा ५९९ केलाय.