पिन बाइंडिंग की फ्रेम बाइंडिंग?
बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला अडकवणारा भाग. डोंगर चढताना टाच मोकळी सोडणाऱ्या बाइंडिंगचे हे दोन प्रकार: पिनमध्ये बुटाचं टोक दोन पिनांत धरलं जातं, फ्रेममध्ये अख्खा बूट एका पट्टीवर बसतो आणि ती पट्टी टाचेबरोबर उचलली जाते. दोन्ही बाइंडिंग दगा देतात, पण वेगवेगळ्या जागी. पिन बाइंडिंगच्या पुढच्या जबड्याखाली, स्प्रिंगपाशी बर्फ दडपून बसतो. जबडा पुरता मिटत नाही आणि ऐन वळणावर बूट निसटतो. स्की पोलच्या टोकाने तो बर्फ खरवडून काढा, बुटाच्या टोकाची भोकंही साफ करा. मग टाच मोकळी ठेवून पाय दोन-चारदा वर-खाली हलवा, म्हणजे पिना नीट रुततात. फ्रेमला ही कटकट नाही, साधा अल्पाइन (फक्त उतारावरच्या स्कीइंगचा) बूटही चालतो. मात्र पट्टीखाली बर्फ साचला की टाच लॉक होत नाही, आणि प्रत्येक पावलाला त्या पट्टीचं वजन उचलायचं! बाइंडिंग स्कीला धरणारे स्क्रू दोन्ही प्रकारांत तपासा. सैल झालेला नुसता आवळू नका. काढून भोक वाळवा, गोंद लावून बसवा. लांब चढाईला मी पिनच घेईन.